उत्तरेचं धुकं

एकोणीसशे रुपये भरले, आणि बासष्ट जीबी
तीन रात्री उतरत राहिले लष्करातल्या आमच्या घरात
थेंब थेंब, मे महिन्यात नळाला यावं तसे.
मधे दोनदा लाईट गेली.
इन्व्हर्टर फक्त आईच्या खोलीला, असा घरचा कायदा;
मी अंधारात बसून टक्क्यांना धीर दिला.

तेरा वर्षं थांबले होते या भागासाठी.
तेवढ्यात नोकरी लागली, चष्मा लागला,
नचिकेत मोघे कॅनडात गेला,
दौलतगंजातलं ते सायबर कॅफे जाऊन तिथे ब्लाउजपीस आले,
आणि उत्तरेची भिंत होती तशीच:
राखाडी, शेवाळलेली, मधोमध एक दार.
दारापाशी बटण दाबलं की एवढंच यायचं,
“अजून नाही.”

त्या दारापलीकडे काय काय ठेवलं होतं आम्ही!
नचिकेत म्हणायचा, समुद्र.
मी म्हणायचे, नको, समुद्र आपल्याला
कुणाच्या तरी लग्नाला गेल्यावरच दिसतो, तो परकाच.
मी तिथे एक शहर वसवलं होतं,
माणसं नसलेलं, दिवे लागलेलं.
आणि वर धुकं, भिंतीच्या माथ्यावरून इकडे सांडणारं.
ते धुकं का होतं ते परवा कळलं:
जुन्या यंत्राला लांबचं काढता येत नव्हतं, म्हणून.
आम्ही त्याला गूढ म्हणालो.
बारावीचा अभ्यास बुडवून म्हणालो.

आता धुकं काढून टाकलंय.
दार उघडतं, करकरतही नाही,
आणि दिसतं. बाप रे, किती दिसतं!
दरी, दरीत मिठागरं, मिठावर चालणारे लाल पायांचे पक्षी,
पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखा आवाज,
आणि चंद्र, दर खाचरात वेगळा.
खोटं कशाला बोलू, घसा दाटला.
पहाटे दोनला, खांद्यावर रजई, बोटं गारठलेली,
मी नुसती उभी राहिले तिथे, कुणालाही न मारता.

मग माणसं बोलायला लागली.
तो नावाडी. तेरा वर्षं एकच वाक्य म्हणायचा,
“पाणी ओळखतं.”
बस्स. पुढे काही नाही.
आम्ही ते पेपरच्या आधी म्हणायचो, निकालानंतरही.
आता त्याला बायको दिलीय, भूतकाळ दिलाय, नवा आवाज,
तो सांगतो कुठलं पाणी, कुणाला ओळखतं, का,
आणि शेवटी बारा शिंपले आणायला पाठवतो.
बारा आणले. चोवीस मागितले.
भल्या माणसा, गप्प होतास तेव्हा किती बोलायचास!

नचिकेतला लिहिलं, गेलास का पलीकडे?
उत्तर आलं त्याच्या सकाळी, माझ्या रात्री:
“लेकीला मांडीवर घेऊन बसतो. तिला पक्षी आवडले.
समुद्रच निघाला बघ, मी म्हटलं नव्हतं?”
मिठागर म्हणजे समुद्र नव्हे,
असं टाइप केलं.
पुसलं.
अंगठा पाठवला.

काल जुन्या नकाशात परत गेले, भिंतीपाशी, सवयीने.
दार सताड. आतून वारा येत होता,
नवा वारा, फार मन लावून केलेला.
बंद करायचं बटण शोधलं.
ते त्यांनी दिलेलंच नाही.

आज बँकेत जाताना जयेंद्रगंजच्या वळणावर
किल्ला नव्हता.
अख्खा डोंगर गायब, जानेवारीत होतो तसा,
पुढचा टेम्पोवाला दिवे लावून रांगत चाललेला,
“दीदी, कुछ नहीं दिख रहा.”
स्कूटी कडेला घेतली. हेल्मेटची काच वर केली.
मिनिटभर, फार तर दोन,
मला हवं ते ठेवलं तिथे.

दहा वाजता ऊन पडलं. किल्ला होता.
कॅशच्या खिडकीत बसून नोटा मोजताना
मधेच शिंपले मोजत होते.
सतरा झालेत.